वाऱ्याच्या वळ्या

हातभर खाली गेल्यावरही वाळू कोरडीच लागली, तशी गोजाबाईने करवंटी टाकून दिली आणि खड्ड्याच्या काठावरच फतकल मारली. नखांत वाळू, डोळ्यांत वाळू, दातांखाली वाळू. पाण्याचा मात्र थेंब नाही.

“काय गं माझे आये,” ती सीना नदीला म्हणाली, “म्हातारीची थट्टा लावलीस व्हय?”

सीना काय बोलणार? चैत्राच्या उन्हात तिच्याजवळ बोलायला उरलं होतं काय? या काठापासून त्या काठापर्यंत पांढरीफटक वाळू, मध्ये एखादा काळा खडक, आणि वाळूच्या अंगभर बारीक बारीक वळ्या. शेवयांनी भरलेलं सूप पालथं करून पसरावं तशा. याच वळ्यांच्या भरवशावर गोजाबाई कालपासून खणत होती, आणि याच वळ्या तिला कालपासून फसवत होत्या.

मोहोळहून बैलगाडीने यायला दुपार लागावी एवढ्या अंतरावर, सीनेच्या उगवतीच्या काठाला हे गाव. दरसाल नदीच्या वाळूत मांडव पडायचा आणि हरिनामाचा सप्ताह बसायचा. केमचे बुवा कीर्तनाला यायचे. बुवांनी टाळ्या वाजवून “विठ्ठल विठ्ठल” म्हटलं, की मांडवातली लहान लेकरंही रडायची थांबायची, असा त्यांचा गळा. पण बुवा उभे राहण्याआधी त्यांचे पाय धुवायचे ते नदीच्याच पाण्याने, आणि तेही ताज्या झिऱ्याच्या. आटलेल्या नदीच्या वाळूत खड्डा घ्यायचा आणि खालून पाझरलेलं पाणी घागरीत भरायचं. झिरा खणायचा मान थोरल्या घरच्या सुनेचा, म्हणजे गोजाबाईचा. ‘नदी आय हाय, तिच्या अंगाला लोखंड लावू न्हाय,’ असं जुनी माणसं सांगून गेलेली. म्हणून खोरं नाही, कुदळ नाही. दोन हात आणि नारळाची एक करवंटी.

गोजाबाईचा पोरगा सोलापुरात गिरणीत होता. तो आला की हसायचा. “आये, आमच्या चाळीत तोटी फिरिवली की पानी येतंय. तू अजून मांजरावानी वाळू उकरतीस.”

“तुझ्या तोटीनं बुवांचं पाय धुवायचं व्हय रं?” ती म्हणायची, आणि विषय तिथेच मिटायचा.

मान म्हणजे काही शेला-पागोटं नव्हे. पण मानकरणीची जागा मांडवात सगळ्यांच्या पुढे, टाळकऱ्यांना खेटून, बुवांच्या उजव्या हाताला. आणि गोजाबाईचा जीव गुंतला होता तो त्या जागेत. घरटी माणूस नेणाऱ्या तापाच्या एका साथीत ती वाचली, पण डावा कान पार गेला आणि उजवाही अर्धामुर्धाच उरला. हे तिने कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती वेळ मारून न्यायची. नाहीच कळलं तर गप्प बसायची. ‘थोरल्या घरची लई गर्वाची,’ असं बायका म्हणायच्या. तेही तिला ऐकू यायचं नाही, हे एक बरं होतं.

पुढच्या जागेवरून बुवांचा शब्द न् शब्द तिला पोचायचा. पखवाजाची थाप तर जमिनीतून येऊन मांडीला लागायची. निरूपणात बुवा देवाला दारात थांबवून ठेवायचे आणि भक्ताच्या घरातली भाकरी भाजून होऊ द्यायचे, तेव्हा गोजाबाईच्या डोळ्यांना धार लागायची. वर्षभराची शिदोरी ती त्या सात दिवसांत भरून घ्यायची. मान गेला, की मागे बायकांत बसायचं. तिथे बांगड्यांची किणकिण, पोरांची किरकिर, आणि लांबवर एक माणूस नुसता हातवारे करतोय. दुसरं काय असणार?

आबासाहेब गावचे कारभारी. सकाळी वाळूत उतरून त्यांनी खड्डे पाहिले होते. पुढ्यात उभे राहून, नेहमीच्या मोठ्या आवाजात ते बोलले होते.

“वैनी, दोपारच्या गाडीनं बुवा मोहोळात उतरत्यात. त्यास्नी आनाया मकदूम बैलं जुपून गेलाय बी. त्याची गाडी पल्याडची दरड उतरंस्तवर पानी लागलं तर ठीक. न्हाय तर सारजाबाईला सांगून ठिवलंय. तिच्या हिरीचं पानी घिऊ.”

“हिरीचं? भावजी, झिऱ्याचंच पायजे की!”

“झिऱ्यालाच पायजे की पानी! बुवांना काय मांडवाबाहीर हुबं करू? आन येक सांगतो. मान येकदा हलला की हलला. मग फुडच्या साली माझ्याकडं रडत येऊ नका.”

सारजाबाई म्हणजे धाकट्या घरची, गोजाबाईची चुलत जाऊ. दोघींत कैक वर्षं धड बोलणं नव्हतं. कशावरून बिनसलं, ते गोजाबाईला आजतागायत उमगलं नव्हतं. एके दिवशी सारजी तोंड फिरवून निघून गेली ती गेलीच.

झिरा कुठे घ्यायचा, ही विद्या गोजाबाईला सासूने दिली होती. दगडाबाई म्हणजे बोलायला तिखट, पण वाळूत उतरली की तिचा आवाज मऊ व्हायचा. “वळ्या बघ, पोरी. पानी जाताजाता सांगून जातंय. वळीला येक अंग निवांत असतंय, येक खडं. ज्या अंगाला खडी, त्या अंगाला पानी गेलं. त्याच्या मागं मागं जायाचं. जितं वळ्या सपतील, तितं पानी निजलंय म्हनायचं.”

त्या शिकवणीने एवढी वर्षं कधी दगा दिला नव्हता. काल सकाळी गोजाबाई वाळूत उतरली, तेव्हा वळ्यांची खडी अंगं सगळी गावाकडे, उगवतीला वळलेली. नदी वाहते वरून खाली, दक्षिणेला. पण शेवटची धार कुठेही वळते, पाण्याला कोण विचारणार? उलट तिला भरूनच आलं होतं. माय नदी औंदा गावाकडे वळली, आपल्या मांडवाच्या पायाशी आली! केवढं तिचं लेकरांवर लक्ष! डोळे पुसून तिने वाळूला हात जोडले आणि खणायला बसली.

आणि लागली कोरडी वाळू. पुढे सरकून खणलं, तर पुन्हा कोरडी. मग अगदी काठाशी खणलं, तर करवंटी खडखडीत पांढऱ्या मातीवर वाजली. आज सकाळपासून पुन्हा तोच खेळ. वळ्या गावाकडे बोट दाखवत होत्या, ती बोटाच्या मागे जात होती, आणि बोटाच्या टोकाला काही म्हणजे काही नव्हतं.

त्यात वारा. मावळतीकडून येणारा, तापलेला, अंगावर मूठमूठ वाळू फेकणारा वारा. माघात कुठे असतो असला वारा? सप्ताह कायम माघात बसायचा. पण औंदा माघात बुवांचा घसा बसला, म्हणून चैत्रावर ढकलला. गावाने तिथी बदलली आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. मांडव तोच, मान तोच, आणि वळ्या वाचायची विद्याही तीच.

“आत्ती, तुमी मला अर्धीच विद्या दिली,” गोजाबाई मेलेल्या सासूवर चिडली. “आन द्येवा पांडुरंगा, तुला माझाच येक कान सापडला हुता व्हय? आता तेवढी जागा बी घे!”

तिने करवंटी उचलली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून भिरकावली. करवंटी वाऱ्यावर गरगरत गेली आणि कालच्या एका खड्ड्याशेजारच्या ढिगावर पडली.

राग येऊन फेकलं तरी आणायला आपल्यालाच जावं लागतं. गोजाबाई कण्हत उठली, ढिगापाशी गेली, करवंटीला हात घालायला वाकली आणि वाकलेली तशीच राहिली.

ढिगावर वळ्या होत्या.

काल तिने स्वतःच्या हाताने उपसून टाकलेली वाळू ती. त्या ढिगाच्या पाठीवर कशा नीट ओळीने वळ्या बसल्या होत्या! एक अंग निवांत, एक खडं. खडं अंग गावाकडे. आता या ढिगावर काय रात्रीतून पाणी चढून गेलं?

तिने मूठभर वाळू उचलून हळूहळू सोडली. वाऱ्याने ती गावाकडेच नेली.

“अगं बया,” ती पुटपुटली. “म्हंजी ह्ये वाऱ्याचं व्हय सगळं!”

कालपासूनचा सगळा घाम तिच्या डोळ्यांपुढून गेला. आपण नदीचं म्हणून हात जोडले, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि ते निघालं वाऱ्याचं! तिला रडू यायचं ते हसू आलं, आणि हसू ओसरायच्या आत पुन्हा संताप आला. ही विद्या आता कळून उपयोग काय? वाऱ्याने सगळी नदी गिरवून ठेवली होती. पाण्याचं सांगणं पुसलं गेलं होतं. मान वर करून तिने पल्याड पाहिलं. दरडीच्या वर, लांब, धुळीचा एक लोट दिसत होता.

पुसलं गेलं, की झाकलं गेलं?

गोजाबाई नदीच्या मध्याकडे जवळजवळ पळतच गेली. गुडघे टेकले आणि तळव्याने वाळू बाजूला सारली. वरची वाळू हलकी, गरम, सुटी, बोटभर जाडीची. तिच्याखाली हाताला काहीतरी घट्ट लागलं. गाळाची पापडी. माघातल्या ओलाव्याने घट्ट बसून मग ती वाळली होती, नि वाऱ्याला काही ती हलवता आली नव्हती. तिने डोळे मिटले आणि बोटं फिरवली. टाळूवरून जीभ फिरवल्यावर लागतात तशा वळ्या होत्या. पण आडव्या, या काठाकडून त्या काठाकडे. आणि खडं अंग खाली, दक्षिणेला, नदी जाते तिकडे.

“हितं हायस व्हय?” गोजाबाई म्हणाली.

मग ती रांगतच निघाली. पदराने वाळू झाडायची, बोटांनी चाचपायचं, पुढे सरकायचं. मागे तिने झाडलेलं वारा लगेच झाकून टाकत होता. “मर मेल्या!” ती वाऱ्याला म्हणत होती. “जरा दम काढ की!” गुडघे सोलवटले. लुगड्याच्या काष्ट्याचं टोक कधीच सुटलं होतं. वळ्या मात्र बोटांखाली बदलत चालल्या. आधी रुंद होत्या, मग बारीक झाल्या, एकमेकींना चिकटल्या. काळ्या खडकाच्या खालच्या अंगाला आल्यावर तर त्यांना खडं अंगच राहिलं नाही. दोन्हीकडून सारख्याच, अगदी इवल्या, आणि गाळ साईसारखा मऊ. इथे पाणी धावलं नव्हतं. थांबलं होतं, जागच्या जागी डुचमळलं होतं, आणि मग खाली गेलं होतं.

सासू म्हणायची ते निजलेलं पाणी.

तिने करवंटी चालवली. पापडी फुटली. खालची वाळू रंगाने काळसर, हाताला गार. गोजाबाईने ती मूठभर उचलून गालाला लावली. आणखी खाली गेली तशी वाळू ओली झाली. पण आता नवीनच ताप. वरची सुटी वाळू काठावरून घसरून खड्ड्यात येऊ लागली. एक करवंटी बाहेर काढावी, तर दोन आत पडाव्यात. हाताने काठ थोपवावा, तर खणायला हात नाही. खणावं, तर काठ खचतो. वारा वरून शिंपडत होताच. हातभर झालेला खड्डा डोळ्यांदेखत वीतभर झाला.

“आता काय पायानं खनू?” ती ओरडली. गाडीच्या बैलांचे घुंगूर तिला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण धुळीचा लोट दरडीच्या तोंडाशी आलेला दिसत होता.

तेवढ्यात तिच्या अंगावर सावली पडली. गोजाबाईने दचकून मान वळवली. डाव्या अंगाला सारजाबाई उभी होती. डोक्यावर चिंचेने घासलेली पितळी घागर, काठोकाठ भरलेली. तोंड लाल झालेलं.

“कवाधरनं बोलतीय मी!” सारजाबाई तणतणली. “मानूस हाय का धोंडा? आक्का म्हनलं, वैनी म्हनलं, अगं गोजे म्हनलं! न्हाय ती न्हायच बघितलं. लई माज बाई तुमच्या घराला!”

गोजाबाई तिच्या ओठांकडे बघत होती. वाऱ्याने पदर तोंडावर येत होता, अर्धं कळलं, अर्धं नाही. एरवी ती गप्प बसली असती. पण आज अंगात गप्प बसायचंही बळ उरलं नव्हतं.

“ह्या अंगाला यीऊन बोल,” ती म्हणाली. “तो कान मेलाय माझा.”

 घागर सावरत सारजाबाई उजवीकडे आली आणि खाली वाकली.

“कवापस्नं?”

“तापाच्या सालापस्नं.”

“आन माझ्या लेकीच्या बारशाला मी हाका मारमारून दमले, तू तोंड फिरवून बसलीस, ती...?”

“कवा? मला कुनी हाक मारली?”

सारजाबाईच्या घागरीतलं पाणी हिंदकळलं. “आन तवापस्नं मी तुला शिव्या देतीय!” मग तिला पुन्हा राग आला. “आगं मग सांगायचं न्हाय व्हय? मुडदा बशिवला तुझ्या कानाचा!”

“त्यो बसलायच. आता बडबडू नगंस, हात घाल. काठ धर त्यो.”

“मी? आगं, मी तर मान घ्याया आलीय तुझा.”

“घे की. आधी पानी तर लागू दे. न्हाय तर घिऊन करशील काय? झिऱ्याच्या मानाला हिरीचं पानी!”

सारजाबाईने घागर खाली टेकवली आणि पदर खोचला. दोघींनी दोन बाजू धरल्या. पण वाळू ती वाळू. चार हातांच्या फटींतूनही ती आत यायची ती आलीच. गोजाबाईची नजर घागरीवर गेली.

“सारजे, वत ती.”

“काय वत?”

“घागर. काठाभवतीनं वत. वाळू भिजली की बसंल, घसरायची न्हाय.”

“खुळी का काय! बुवांच्या पायावरचं पानी त्ये. सोवळ्यानं भरलंय. आन हितं पानी न्हाय लागलं म्हंजी? दोगींचं बी गेलं. आबासाब आपल्या डोस्क्यावर मांडव उपडा घालत्यात बघ!”

गोजाबाईने तिचा हात धरला आणि खड्ड्याच्या तळाला टेकवला. गार, ओला, किंचित हलणारा तळ. सारजाबाईचा हात तिथे थोडा वेळ राहिला. मग ती उठली, “द्येवा, माफ कर रं बाबा,” असं पुटपुटली, आणि खड्ड्याभोवती फिरत फिरत तिने घागर ओतली. एक थेंब ठेवला नाही. “ओतलं बघ. आता जर का न्हाय लागलं, तर तुझा दुसरा कान मी फोडते.”

पण वाळू बसली. भिंतीसारखी उभी राहिली. गोजाबाई खांद्यापर्यंत आत वाकून उपसत राहिली, सारजाबाई वरून करवंटी झेलत राहिली; आणि तळाशी आधी एक चकाकी आली, मग ती पसरली, मग करवंटीत वाळूबरोबर पाणी आलं. गढूळ, तांबूस, पण पाणी. सीनेचं पाणी.

मकदूमची गाडी पल्याडची दरड उतरत होती. गढूळ पाणी निवळू द्यायला वेळच नव्हता. दोघींनी पदर घालून, गाळून ते सारजाबाईच्याच घागरीत भरलं. गोजाबाई उठायला गेली तर पाय उठेनात.

“तूच ने,” ती म्हणाली. “घागर बी तुझीच हाय.”

“बघ हां. मी नेली की मान गेला.”

गोजाबाईने तरी घागर तिच्याकडे सरकवली. सारजाबाईने तिच्याकडे पाहिलं, तिच्या कानाकडे पाहिलं, आणि घागर उचलून तिच्या डोक्यावर नीट बसवली. “चल. मी धरते दंडाला. तितं मागं बसून तुला काय कळनार हाय, भयरे?”

मांडवाच्या तोंडाशी आबासाहेब वाटच बघत होते. वाळूने माखलेल्या, केस विस्कटलेल्या दोघी जावा एकमेकींना धरून येताना पाहून ते दोन पावलं पुढे आले. घागरीत डोकावून ते म्हणाले, “ह्ये असलं गढूळ?”

“नदीचं हाय,” सारजाबाई म्हणाली. “तुमी बसा गप.”

बुवा गाडीतून उतरले. परातीत उभे राहिले. गोजाबाईने पाणी घातलं, त्यांच्या पायांवरून लालसर गाळ ओघळला, आणि ते पाणी त्यांनी बोट बुडवून स्वतःच्या कपाळाला लावलं.

मग दिवेलागणीला गॅसबत्ती पेटली, टाळकरी उभे राहिले, आणि गोजाबाई पुढच्या जागेवर, बुवांच्या उजव्या हाताला बसली. शेजारी सारजाबाईला ओढून बसवलं. बुवांनी डोळे मिटले, टाळी वाजली, “विठ्ठल विठ्ठल” झालं. गोजाबाईच्या उजव्या कानात तो सूर लख्ख उतरला. पखवाजाची पहिली थाप मांडीला लागली. तिने समाधानाने खांबाला पाठ टेकली.

आणि ती झोपली.

डोळे उघडले तेव्हा उजाडलं होतं. मांडव रिकामा, अंगावर कुणाचं तरी पांघरूण. कालची शेकडो पावलं वाळूवरून पुसली गेली होती आणि वाऱ्याने पुन्हा सगळीकडे आपल्या वळ्या काढून ठेवल्या होत्या, गावाकडे तोंड करून. झिऱ्यापाशी सारजाबाई पाणी भरत होती. पाणी आता निवळून नितळ झालं होतं.

“मला उठिवलं का न्हाईस गं?” गोजाबाई रडकुंडीला येऊन ओरडली. “समदं कीर्तन गेलं माझं!”

“कोपर मारमारून माझा हात दुखतोय! बुवा सवताच थांबलं आन म्हनलं, निजू द्या माउलीला. वर घोरत हुतीस, त्ये येगळंच. पखवाजवाला ठेका चुकला.”

“काय सांगितलं बुवांनी? सांग की!”

“सहा दिस हायती की अजून.”

“कालचं सांग.”

सारजाबाईने घागर खाली ठेवली. उठून ती गोजाबाईच्या उजव्या अंगाला येऊन बसली, तिच्या कानाशी तोंड नेलं, आणि पहिला अभंग अशा काही बेसूर गळ्याने धरला, की खडकावरची टिटवी उडाली.

“असं म्हनलं बुवा?” गोजाबाई कळवळली.

“मग? आता मी म्हनते तसंच म्हनलं. ऐकायचं तर ऐक.”

गोजाबाईने कपाळावर हात मारला, आणि कान आणखी जवळ नेला.